क्वार्टरबॅक व्हायचंय? पदवी सोडू नका

आधी हिशेब मांडू. कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये संघ 9. एका संघाकडे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची चाल चालवणारा आणि चेंडू फेकणारा गडी, दोन किंवा तीन. म्हणजे अख्ख्या देशात या नोकऱ्या तिसाच्या आत, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेतून आलेल्या खेळाडूंकडे. टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी घरात दहावीतला मुलगा ‘मला क्वार्टरबॅकच व्हायचंय’ म्हणाला की आईबाबांच्या पोटात गोळा येतो, तो अनाठायी नाही. तरी ‘खेळून पोट भरतं का?’ एवढ्यावर विषय मिटवू नका.

हे काम नुसतं लांब चेंडू फेकण्याचं नाही. कॅनडातलं मैदान 65 यार्ड रुंद, अमेरिकेतल्यापेक्षा जवळपास 12 यार्डांनी जास्त. मैदानात दोन्ही संघांचे बारा-बारा खेळाडू. दहा यार्ड पुढे सरकायला संधी तीनच; अमेरिकेत चार मिळतात. पहिली वाया गेली की दुसरीला प्रतिस्पर्धी ओळखूनच असतो, आता हा फेकणार. शिवाय चेंडू खेळात येण्याआधीच झेल घेणारे पळत सुटलेले असतात. समोरच्यांपैकी कोण खरंच मागे सरकतोय आणि कोण हूल देतोय हे ताडून दोन-तीन सेकंदांत चेंडू हातातून सुटायला हवा, नाहीतर सव्वाशे किलोचा गडी अंगावर आलाच. म्हणून क्वार्टरबॅकचा बराच वेळ जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघण्यात आणि चाली पाठ करण्यात जातो. ज्याला अभ्यासाची बैठक नाही, त्याने संघातली दुसरी जागा बघावी.

कॅनडात वाढलेली मुलं या जागेवर कमी दिसतात, त्याला नियमही कारणीभूत आहे. संघात ठरावीक संख्येने स्थानिक खेळाडू ठेवावे लागतात, पण क्वार्टरबॅक वर्षानुवर्षं त्या मोजणीबाहेर होता. मग घरचा पोरगा घडवत बसण्यापेक्षा तयार गडी आणणं संघांना सोयीचं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2019च्या करारानंतर हे बदललं. व्हिक्टोरियात जन्मलेला क्वार्टरबॅक नेथन रोर्क 2022 मध्ये लीगचा सर्वोत्कृष्ट कॅनेडियन खेळाडू ठरला. त्याच हंगामात पायाच्या दुखापतीने त्याला दोनेक महिने बाहेर बसवलं, हेही मुलाला सांगा.

पैशाचं बोलू. नामांकित क्वार्टरबॅकला वर्षाला पाच लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास मिळतात. लीगमधलं किमान वेतन मात्र 2023 मध्ये 70 हजार डॉलर होतं, आणि राखीव खेळाडू बहुधा त्याच टोकाला असतो. संघाने हंगामाच्या मध्येच नारळ दिला तर उरलेल्या पैशाची खात्री नसते. हंगाम जून ते नोव्हेंबर; बाकीच्या महिन्यांत काय करणार, याचं उत्तर तयार हवं.

ते उत्तर रस जॅक्सनकडे होतं. हॅमिल्टनचा हा मुलगा मॅकमास्टर विद्यापीठात गणित शिकला. ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाने दिलेलं नामांकन नाकारून तो 1958 मध्ये ऑटवा रफ रायडर्सकडे गेला. (आपल्याकडे यावर घरात महिनाभर अबोला झाला असता.) सुरुवातीला त्याला बचावात उभं केलं, क्वार्टरबॅक जखमी झाले तेव्हा त्याची पाळी आली. पुढे तीन ग्रे कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, आणि तीनदा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान. खेळत असतानाच तो शाळेत शिकवायचा. 1969 चा ग्रे कप जिंकून निवृत्त झाला आणि पुढे मुख्याध्यापक झाला.

तेव्हा विद्यापीठ निवडताना फुटबॉल संघाइतकंच विषयाकडे बघा. कॅनडातल्या विद्यापीठांत क्रीडा शिष्यवृत्ती साधारण शिकवणी शुल्कापुरतीच असते. राहण्या-जेवण्याचा खर्च घरूनच. विद्यापीठातल्या होतकरू क्वार्टरबॅकना व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात शिकायला नेणारी लीगची एक योजना आहे, प्रशिक्षकांकडे तिची चौकशी करा.

डोक्याच्या माराबाबत मात्र भीड बाळगू नका. ऑंटारिओत ‘रोवनचा कायदा’ नावाच्या खेळातल्या डोक्याच्या दुखापतींबाबतच्या कायद्यानुसार खेळाडूने, आणि तो अठराच्या आतला असेल तर पालकांनीही, दरवर्षी मेंदूला बसणाऱ्या धक्क्याची माहिती वाचून तसं लिहून द्यायचं असतं. तो कागद न वाचता सही करू नका. आणि शाळेचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, तेव्हा प्रशिक्षकांना जूनच्या सुट्टीआधीच भेटून घ्या.