आधी पुठ्ठा, मग पत्रा

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला गं. "ताई, चेसी उभी आहे, इंजिन सुरू झालं, पण बॉडीचं नाव काढलं की पोटात गोळा येतो." बघ, जिनं जुन्या जीपची चेसी साफ करून स्टिअरिंग बसवलं, ब्रेक जोडले, तिला पत्रा जमणार नाही असं मला वाटतच नाही. पण तुझी भीती खोटी नाही. इंजिनाचे भाग दुकानात मिळतात. जुन्या वळणाच्या गाडीचा फुगीर मडगार्ड मात्र तेल्हाऱ्यात काय, अकोल्यातही कुठं टांगलेला दिसणार नाही. तो हातानंच घडवायचा असतो.

एक गोष्ट तू फार शहाणपणाची केलीस, वेगळ्या चेसीची गाडी निवडलीस. मारुती ८०० स्वस्तात मिळते म्हणून तिचा सांगाडा कापायला निघतात लोक. तिला वेगळी चेसी नसते, तिचा पत्राच तिची हाडं असतो. तो कापला की गाडी मधून झोल खाते.

खरं सांगू का, तुला ब्लाऊज बेतता येतो ना? मग निम्मं काम तुला येतं. सपाट कापडाला गोलाई कशी आणतो आपण? टक्स घालतो, नाहीतर कटोरीसारखे तुकडे बेतून जोडतो. मडगार्डचंही तसंच. एकाच अखंड पत्र्यातून तो काढायचा हट्ट धरू नकोस. वरचा पट्टा, बाजूची भिंत, पुढचं नाक असे तीन-चार तुकडे कर आणि जोड. कापडापेक्षा पत्र्याची एक सोय जास्त, तो ठोकून ताणताही येतो.

म्हणून पत्रा आत्ता आणूच नकोस. फ्रीजच्या, टीव्हीच्या खोक्यांचे पुठ्ठे गोळा कर. सहा मिलिमीटरची सळी वाकवून मडगार्डच्या कडा आणि कण्याची रेघ चेसीवर उभी कर, तिच्यावर पुठ्ठा चिकटवत जा. मग दहा पावलं मागं जाऊन बघ. समोरून बघ, बाजूनं बघ, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघ. मग एकच बाजू पक्की कर. तिचे पुठ्ठे उलटे ठेवले की दुसरी बाजू बेतून होते, आणि दोन्ही मडगार्ड सख्ख्या बहिणींसारखे दिसतात.

आणि बघ, पुठ्ठा चढवण्याआधी चाकाला जागा किती लागते ते मोज. मी हे केलं नव्हतं. माझा पहिला मडगार्ड रिकाम्या गाडीवर सुंदर बसला. दोघी जणी आत बसलो, गाडी वळवली आणि टायर आतून घासायला लागला. आठ दिवसांचं काम कापून फेकताना मला रडू आलं होतं. तू असं कर, स्प्रिंगचा मुख्य पाटा ठेवून बाकीचे पाटे काढ, चाक जॅकनं वर जाईल तितकं उचल, स्टिअरिंग आधी या टोकाला फिरव, मग त्या टोकाला. तिथून पुढं मोकळी जागा धर.

आता पत्र्याचं. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्रा घे, २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. आठ बाय चारचा एक पत्रा एकवीस किलोच्या आसपास भरतो, दोघी मिळून सहज उचलू. अठरा गेज जास्त मजबूत म्हणून घेशील, तर वजनही तिसऱ्या हिश्शानं वाढेल आणि हातानं गोलाई देताना खांदे भरून येतील.

जीआय पत्रा मात्र नको गं. आपल्याकडं कूलरमुळं तो दारोदारी पडलेला असतो, म्हणून मोह होतो. मलाही झाला होता. त्याच्यावर जस्ताचा थर असतो आणि वेल्डिंगच्या आचेनं त्याचा पांढरा धूर निघतो. दिवसभर मी बंद शेडमध्ये तो धूर घेतला. रात्री हुडहुडी भरून ताप आला, तोंडाला धातूची चव, अंग मोडून गेलेलं. एका दिवसात उतरला, पण आई रात्रभर उशाशी बसून होती. दूध प्यायलं की धूर बाधत नाही, असं वेल्डर लोक सांगतात. त्यावर विसंबू नकोस. जस्त जाळायचंच नाही, दार उघडं ठेवायचं. आणि काचेशिवाय वेल्डिंगकडं एकदाही बघू नकोस, रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. सुती कपडे घाल, ओढणी घरी ठेव, केस घट्ट बांध.

गोलाईसाठी महागडं यंत्र लागत नाही. बाभळीचा एक जाड ओंडका आण, त्याच्या डोक्यावर खोलगट वाटी कोरून घे. जाड कापडाच्या पिशवीत वाळू भरून तोंड शिव. लाकडी हातोड्यानं पत्रा त्या वाटीत किंवा वाळूच्या पिशवीवर हळूहळू ठोकायचा, आतून बाहेर, फिरवत फिरवत, भाकरी थापताना फिरवतो तसा. एकाच जागी जोर दिलास तर पत्रा तिथं पातळ होतो, जशी भाकरी मधेच फाटते. ठोकून पत्रा कडकही होतो. हाताला कडक लागला की आच देऊन लाल कर, आपोआप गार होऊ दे, पुन्हा मऊ येतो. बॉनेटसाठी अ‍ॅल्युमिनियम घेतलंस तर ते लाल होत नाही, सरळ वितळूनच जातं. त्याच्यावर कपड्याचा साबण चोळ आणि आच दे. साबण काळपट झाला की लगेच थांब.

जोडताना कच्चे टाके आठव. रॉडचं साधं वेल्डिंग पातळ पत्र्याला भोकं पाडतं, म्हणून गॅस किंवा सीओटू वापर. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक टाका हात लावण्याइतका गार झाल्यावर पुढचा. सरळ रेघ ओढत गेलीस की पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. आमचे मिस्त्रीकाका म्हणायचे, "पोरी, पत्र्याले घाई चालत नाही." मी घाई केली की ते काही न बोलता मशीन बंद करायचे.

हे मिस्त्री लोक तुझी खरी ठेव आहेत बघ. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या कूलरांनी आणि धान्याच्या कोठ्यांनी पत्र्याचे कारागीर आपल्या गावांत टिकवले. कोठीच्या अंगावर उठावाच्या आडव्या रेघा असतात ना, त्या शोभेच्या नसतात, त्यांच्यामुळं सपाट पत्रा डबडब वाजत नाही. तुझ्या दाराच्या पत्र्यालाही अशी एक रेघ दे. बादलीच्या काठात तार भरतात, तीच पद्धत जुन्या गाड्यांच्या मडगार्डच्या काठाला होती. तारेच्या जाडीच्या अडीच पट पत्रा जास्तीचा सोडायचा, शिवणीत सोडतो तसा. तीन मिलिमीटरच्या तारेला साडेसात मिलिमीटर. हे काम कोठ्या करणाऱ्या एखाद्या काकांकडून शिकून घे. पुस्तकापेक्षा त्यांचा हात बघून लवकर येतं.

पुट्टीनं चुका झाकायच्या नाहीत. दोन-तीन मिलिमीटरच्या वर थर गेला की खड्ड्यांच्या रस्त्यावर तो तडकतो. मे महिन्यात हार्डनर कमी घाल, नाहीतर पुट्टी हातातच दगड होते. उघडा सीआर पत्रा पावसाळ्यात एका रात्रीत गंजतो, म्हणून तुकडा घडला की लगेच प्राइमर. रंगकाम दिवाळी ते होळीच्या कोरड्या दिवसांत उरकायचं, कापसाचे पैसेही तेव्हाच हाती येतात.

आता कायद्याचा जड विषय, पण मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट तू ऐकलीच असशील. भंगारातून त्यांनी मुलासाठी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, खर्च साठ हजारांच्या आसपास. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं, आणि ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. मला लोहारांचा फार अभिमान वाटतो. पण प्रत्येकीच्या दारात बोलेरो येत नाही गं.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालणार नाही. आणि व्हिंटेज म्हणून नोंदवू, हा विचार मनातून काढ. २०२१ च्या नियमांनुसार तो मान पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, चेसी-बॉडी-इंजिनात मोठे बदल न झालेल्या गाडीलाच मिळतो. आपली चेसी जुनी असली, तरी गाडी नुसती जुन्या वळणाची आहे. तेव्हा पत्रा कापण्याआधी जीपची कागदं आणि पुठ्ठ्याच्या गाडीचे फोटो घेऊन अकोल्याच्या आरटीओत जा. काय चालेल, काय नाही, ते लेखी विचार. नाही म्हणाले तर गाडी शेतात, आवारात आणि प्रदर्शनात फिरव. घडवायचं काम त्यामुळं थांबत नाही. रस्त्यावर चोरून मात्र काढायची नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर विम्याचा आधार मिळणार नाही, आणि लागलेल्या माणसाचं दुखणं तर आहेच.

मी रविवारी पहिल्या बसनं येते. तोवर डाव्या मडगार्डचा पुठ्ठा उभा करून ठेव, आणि आरटीओचं उत्तर आलं की माझ्यासमोरच पहिला पत्रा काप.