शंभर टक्के प्लेसमेंट

खामगावात माझं वेबसाइटची कामं करणारं छोटं ऑफिस आहे. पतसंस्था, शाळा, कृषी केंद्रं, मंगल कार्यालयं ही आमची गिऱ्हाइकं. निकाल लागले की बीसीए, बीएस्सी, पॉलिटेक्निक झालेली पोरं बायोडाटा घेऊन जिना चढतात. हे बायोडाटा आता इतके सारखे झालेत की नाव झाकलं तर कोणता कुणाचा ते कळू नये. वर ‘फुल स्टॅक डेव्हलपर’, खाली नेटफ्लिक्सची नक्कल, अ‍ॅमेझॉनची नक्कल आणि एक टू-डू लिस्ट. मागे पुण्याचा नाहीतर ऑनलाइन क्लास आणि लाखाच्या घरातली फी.

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाऊन, पीजीचं भाडं भरून जो शिकतो त्याच्यात जिद्दीची कमी नसते. घोळ दुसरीकडे आहे. शिकवण्याच्या नावाखाली त्याला नोकरीचं आश्वासन विकलेलं असतं आणि फी त्या आश्वासनाच्या हिशेबानं लावलेली असते. हे मी ठामपणे सांगतो, कारण अशाच एका आश्वासनाच्या वसुलीचे फोन मला येऊ लागले होते.

कर्ज माझं नव्हतं. भाच्यानं अर्जात ‘रेफरन्स’ म्हणून माझा नंबर टाकला होता, तोही मला न विचारता. फोनवरचा माणूस अदबीनं सुरू झाला आणि दुसऱ्या मिनिटाला ऑफिसात येऊन बसण्याची भाषा करू लागला. (रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. असा फोन आला तर घाबरायचं कारण नाही, पण नंबर, वेळ आणि बोलणं लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.) त्या संध्याकाळी मी मलकापूरला ताईकडे गेलो.

“मामा, म्या कर्ज काढलंच नाही,” भाचा म्हणाला. “फीचे हप्ते पाडून घेतले होते फक्त.”

“सही कुठं केली होती?”

“सही नाही केली. ओटीपी आला, त्यायनं मागतला, म्या सांगतला.”

सगळी गोम त्या ओटीपीत आहे. क्लासवाला ‘हप्त्यानं भरा, व्याज शून्य’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हप्ते तो घेतच नाही. एक फायनान्स कंपनी पूर्ण फी पहिल्याच दिवशी क्लासच्या खात्यात टाकते आणि विद्यार्थी त्या कंपनीचा कर्जदार होतो. विद्यार्थ्याला उत्पन्न नाही, म्हणून वडील सहकर्जदार. बँकेतून हप्ता आपोआप कापायला ई-मँडेट. हे सगळं दोन-तीन ओटीपींत उरकतं, कागद कुणी समोर ठेवत नाही. आता क्लासच्या बाजूनं पाहा. पैसे आधीच मिळालेत, मग नीट शिकवलं काय आणि नाही काय, त्याचं काही बिघडत नाही. आमच्याकडे तेच झालं. सुरुवातीचे सर सोडून गेले, लाइव्ह तासांच्या जागी जुनी रेकॉर्डिंगं आली, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय झाली. हप्ता मात्र तारखेला कापला जात होता. शेवटी दाजींच्या खात्यात पैसे नव्हते तेव्हा तो परत गेला आणि फोन सुरू झाले.

करार मी ई-मेलमधून शोधून काढला. जाहिरातीत ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ होतं. करारात होतं ‘प्लेसमेंट सहाय्य’, आणि तेही अटींवर: हजेरी नव्वद टक्के, प्रत्येक चाचणीत ऐंशी गुण, देशात कुठेही आणि दिलेल्या पगारावर रुजू व्हायची तयारी. एक अट चुकली की सहाय्य संपलं, आणि अटी पाळल्या की नाही हे ठरवणारा क्लासच. असा कागद लिहिणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते. तीच हुशारी अभ्यासक्रमावर खर्च झाली असती तर पोरांचं भलं झालं असतं.

दाजींना चिंता वेगळीच होती. कपाशी-सोयाबीनची शेती, दर खरिपाला पीककर्ज. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं सरकार बँकांना वारंवार बजावतं. शाखेत प्रत्यक्ष काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पोराच्या वेब डिझाइनचा परतलेला हप्ता बापाच्या नावावर चढतो, हे क्लासमध्ये कुणी सांगितलेलं नव्हतं.

अशा वेळी पहिला विचार येतो तो मँडेट बंद करण्याचा. गुपचूप बंद करू नका, त्यानं थकबाकी आणि दंड वाढतो. आधी क्लासला आणि कर्ज देणाऱ्या कंपनीला, दोघांनाही, लेखी तक्रार करा: सेवा अमुक तारखेपासून बंद आहे, हे पुरावे, उरलेलं कर्ज रद्द करा. कंपनीनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत, चौकशीचा नंबर १४४४८. क्लासच्या विरोधात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो तिथं दावा लावता येतो, त्यामुळे क्लास पुण्याचा असला तरी केस आमच्या जिल्ह्यात, बुलढाण्याला चालू शकते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फीही नाही.

आमच्या तक्रारीनंतर कंपनीनं न शिकवलेल्या भागाचं कर्ज मागे घेतलं. भरलेले हप्ते गेले ते गेले. मध्यंतरी कंपनीकडून ‘थोडं भरा, सेटल करून टाकू’ असा प्रस्ताव आला होता, तो घेतला नाही. सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडला की पुढचा बँकवाला तो पाहून नाक मुरडतो. खातं ‘क्लोज्ड’ झालं पाहिजे आणि बाकी नसल्याचा दाखला हातात आला पाहिजे.

मुळात एवढ्या थराला जाऊच नये. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले. कर्जाची रक्कम, खरा वार्षिक व्याजदर, दंड हे सगळं एका तक्त्यात आधी द्यावं लागतं, आणि ठरावीक दिवसांत मुद्दल नि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तो तक्ता मागा. मिळाला नाही तर ओटीपी द्यायचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानंही नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नोकरीच्या हमीचे खोटे दावे येतात. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट फी भरायच्या आधी काढून ठेवा.

क्लास वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. समोर बसून तुमचा कोड वाचणारा माणूस मिळत असेल तर त्याला फी जरूर द्या, दर महिन्याला द्या, सोडायचं झालं तर पुढच्या महिन्यापासून सुटता येईल अशी द्या. दोन तास फुकट बसू देता का, असं विचारा. शिकवणारा चुकलेल्या कोडसमोर काय करतो ते पाहा. एरर वाचून शोधतो, की आपली तयार फाइल चिकटवतो? दुसऱ्या प्रकारचा असेल तर चहा पिऊन परत या.

याहून वाईट एक धंदा आहे. त्याचं नाव उघडपणे घेतलं जात नाही, पण हॉस्टेलवर सगळ्यांना ठाऊक असतो: दोन-तीन वर्षांच्या अनुभवाची खोटी प्रमाणपत्रं, पगाराच्या पावत्यांसकट. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी पाहतात. रुजू झाल्यावर काढलेली पोरं मला माहीत आहेत, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक मुलाखतीत सोबत येतो. तसंच ‘नोंदणी शुल्क’ घेऊन घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणाऱ्यांचं. त्या कागदाकडे माझ्यासारखा छोटा माणूसही बघत नाही.

मग शिकायचं कुठं? वेबचं नशीब असं की ही विद्या पहिल्यापासून उघड्यावर आहे. सर्न या संस्थेनं ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सगळ्यांसाठी मोकळं केलं, आणि आजही कुठल्याही पानावर उजवं बटण दाबून त्याचा सोर्स पाहता येतो. फ्रीकोडकॅम्पवर २०१४ पासून ब्राउझरमध्येच सराव करता येतो, प्रमाणपत्रासकट फुकट. ओडिन प्रोजेक्ट जास्त कडक आहे. तो गिट आणि टर्मिनलपासून सुरू करतो, हात धरून चालवत नाही, म्हणून मला जास्त आवडतो. संदर्भासाठी मोझिलाचे एमडीएन डॉक्स. इंग्रजीनं अडत असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्यूटोरियल मराठी आवाजातही आहेत. ते जरा जुने वाटतील, पण एचटीएमएल, लिनक्स, पीएचपी यांचा पाया त्यातून पक्का होतो. इंग्रजी बोलता येणं निराळं आणि एरर वाचता येणं निराळं. दुसरं सवयीनं येतं.

कागद हवाच असेल तर स्वस्त आणि खरे कागद आहेत. स्वयमवर एनपीटीईएलचे कोर्स फुकट शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. नायलिटच्या ओ लेव्हलमध्ये वेब डिझाइनचा स्वतंत्र पेपर आहे. बारावीत गणित बरं असेल तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस पदवी पाहा. तिला जेईई लागत नाही, मात्र चार आठवडे शिकून पात्रता परीक्षा काढावी लागते, आणि ती सोपी नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली बारावीला सहा, आयटीआय-पदविकेला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना विद्यावेतन ठरलं होतं. ही सोय चांगली, फक्त जिथं जाल तिथं काम काय मिळणार ते आधी विचारा, नाहीतर सगळा काळ सातबाऱ्याचे स्कॅन अपलोड करण्यात जातो.

क्लासच्या फीच्या पाव किमतीत जुना पण दणकट लॅपटॉप येतो. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की पुरे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रोग्रामर होता येत नाही. गावात पोलीस भरती नि एमपीएससीच्या पोरांनी भरलेल्या अभ्यासिका आहेत, तिथं एक टेबल लॅपटॉपवाल्यालाही मिळतं.

भाचा नंतर माझ्याकडे बसायला लागला. पहिलं काम दिलं ते एका कृषी केंद्राच्या बुकिंग फॉर्मचं: खताच्या किती गोण्या हव्यात ते लिहायचं, खाली एकूण रक्कम दिसायची. एआयकडून त्यानं तासाभरात फॉर्म करून घेतला. दिसायला झकास, त्याच्या लॅपटॉपवर बिनचूक. दुकानदारानं आपल्या फोनवर मराठी कीबोर्डनं ‘१५’ टाकलं आणि रकमेच्या जागी आलं ‘हा आकडा नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी उत्तर. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक वाचता येत नाहीत. गंमत अशी की मराठीत आकडा दाखव म्हटलं तर तीच जावास्क्रिप्ट १२,३४५ असं झोकात लिहून दाखवते. स्वतः लिहिलेलं तिला स्वतःला वाचता येत नाही. पायथनला मात्र ‘१५’ म्हणजे पंधरा हे कळतं. पीएचपीत आकडा करायला गेलात तर शून्य हाती येतं, तेही तक्रार न करता, आणि ते सगळ्यात घातक.

दुरुस्ती दहा अंकांच्या अदलाबदलीची, दोन ओळींची. पण ती शोधायला त्याचा दिवस गेला आणि त्या दिवसात तो क्लासपेक्षा जास्त शिकला, हे तोच म्हणतो. नेटफ्लिक्सच्या नकलेत असा दुकानदार भेटत नाही. एआय वापरायला माझी ना नाही. माझ्या ऑफिसात नियम एवढाच की जी ओळ समजावून सांगता येत नाही ती ठेवायची नाही.

म्हणून नव्यानं शिकणाऱ्याला मी एकच काम सांगतो. ओळखीतला एक खरा माणूस गाठा, ज्याची रोजची काहीतरी अडचण आहे. दूध डेअरीचा हिशेब, वाचनालयाची यादी, भजनी मंडळाचं वेळापत्रक, काहीही चालेल. त्याच्यासाठी छोटं पान करा, गिटहब पेजेसवर फुकट चढवा आणि त्याला त्याच्याच फोनवर वापरू द्या. संग्रामपूरच्या एखाद्या खेड्यात नेटवर्क एका काडीवर असताना ते उघडतं का ते पाहा. फोनच्या कॅमेऱ्याचा चार-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा टाकला असेल तर उघडणार नाही, मग तो लहान करायला शिका. काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं, हे सोबत मराठीत लिहून ठेवा.

माझ्याकडे अर्ज करायचा असेल तर त्या पानाची लिंक आणि ते लिहिलेलं पाठवा. लिंक मी आधी फोनवर उघडतो, मग सोर्स पाहतो, आणि एखादी ओळ का लिहिली ते विचारतो. पगार पुण्याइतका नाही. पण पहिल्या महिन्यापासून देतो आणि अनामत घेत नाही.