कुंचल्याचे अक्षर : नाटकाचा फलक आणि फॉन्टची निवड

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ठळक, कुंचल्याने लिहिल्यासारख्या शीर्षक-अक्षराचे स्वरूप सांगता येईल.
• मराठी मजकुरासाठी असा फॉन्ट पारखून निवडता येईल.

प्रास्ताविक
चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील धानाच्या प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी आटोपली की येथे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र होय. प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. म्हणून फलकावरील नाव दुरून आणि क्षणात वाचता येणे हा मंडळाच्या उत्पन्नाचाही प्रश्न असतो.

विवेचन
बोरूचे टोक तिरपे कापलेले असते; त्यामुळे जाड-बारीक रेषा ठरावीक कोनातच पडतात. कुंचल्याचे केस दाबाने पसरतात. रेषेची जाडी हाताचा दाब व वेग यांवर ठरते आणि अक्षर मोकळे, बोलके वाटते. ‘नाना’ हा शब्द रंगवताना दोन्ही ‘ना’ किंचित वेगळे उतरतात. साध्या फॉन्टमध्ये मात्र ते तंतोतंत सारखे येतात. म्हणून काही फॉन्टमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपे दिलेली असतात.

तथापि मोकळेपणा म्हणजे नियमाचा अभाव नव्हे. फॉन्ट निवडताना पुढील तीन कसोट्या लावाव्यात.

१. शिरोरेषा : ‘घ’ व ‘ध’, ‘म’ व ‘भ’ यांतील भेद बराचसा शिरोरेषेच्या खंडावर अवलंबून असतो. शिरोरेषा वाटेल तशी ओढली, तर ‘धानोरा’चे ‘घानोरा’ वाचले जाईल. ‘भामरागड’मध्ये तर ‘भ’ व ‘म’ शेजारीच येतात.

२. पोकळी : रेषा जाड झाली की अक्षराच्या आतील जागा बुजते. ‘ब’मधील तिरपी रेघ दिसेनाशी झाली, तर ‘बल्लारपूर’चे ‘वल्लारपूर’ होते.

३. मराठीची खास जोडाक्षरे : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतील. धानाच्या रोपांना झाडीपट्टीत ‘पऱ्हे’ म्हणतात. ज्या फॉन्टमध्ये हा ‘ऱ’ नीट जुळत नाही, तो कितीही देखणा असला तरी मराठीच्या कामाचा नाही.

सारांश
कुंचल्याच्या अक्षराचे सौंदर्य हाताच्या लयीत असते. त्याची उपयुक्तता वाचनीयतेत असते. गावाचे नाव चुकीचे वाचले गेले, तर फलकाचा हेतूच विफल होतो.

स्वाध्याय
१. बोरू व कुंचला यांच्या रेषांतील फरक स्पष्ट करा.
२. धानोरा, भामरागड, बल्लारपूर, पऱ्हे हे शब्द तुमच्या आवडीच्या ठळक फॉन्टमध्ये छापा. कागद भिंतीवर लावून दहा पावलांवरून दुसऱ्या व्यक्तीला वाचायला सांगा. कोणते अक्षर अडले व का, हे पाच-सहा वाक्यांत लिहा.