एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक पेट्रोल कार तीन वर्षांची होत आली आहे. कंपनीची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपते. शोरूमवाले एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणतात. घ्यावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गाडी आणखी तीन-चार वर्षे वापरणार असाल, तर जरूर घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो, ईसीयू (इंजिन कंट्रोल युनिट), एसी कॉम्प्रेसर यांपैकी एक जरी बिघडला, तरी दुरुस्तीचा खर्च वॉरंटीच्या रकमेच्या कितीतरी पट होऊ शकतो. साधी मॅन्युअल गाडी आणि वापर कमी असता, तर तेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, असे मी म्हटले असते.

मात्र सही करण्यापूर्वी अटी नीट वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, वायपर यांसारखे झिजणारे भाग सहसा यात येत नाहीत. पावसाच्या पाण्याने इंजिन बंद पडले, तर वॉरंटी कामी येत नाही. त्यासाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्शन’ वेगळे घ्यावे लागते. सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत केंद्रातच करा आणि बिले जपा. बाहेरून सीएनजी किट बसवले किंवा वायरिंग कापले, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

वॉरंटी शक्यतो कार उत्पादक कंपनीचीच घ्या. ती सहसा मूळ मुदत संपण्याआधीच घ्यावी लागते, म्हणून याच आठवड्यात निर्णय करा. ती नव्या मालकाच्या नावे होते का, हेही विचारा. होत असेल तर गाडी विकताना उपयोग होईल.