हळदीचा अदृश्य साथी

उन्हाळा लागला की हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या मोंढ्यात हळकुंडांच्या राशी पडू लागतात. ओली हळद शेतात मोठ्या कढईत किंवा वाफेवर शिजवितात, मग उन्हात वाळवून घासतात. तेव्हा कोठे तिला हे रूप येते. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे असतो, त्याला कुरक्युमिन म्हणतात. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे वरणभाताबरोबर पोटात गेले तरी ते रक्तात फार थोडे मिसळते आणि बरेचसे मोठ्या आतड्यात येऊन पोहोचते. तेथे त्याची गाठ ई. कोलाय या जिवाणूशी पडते.

थिओडोर एशेरिख या डॉक्टरांनी 1885 साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेतील या जिवाणूचे वर्णन केले. त्याचे काही प्रकार अतिसार घडवितात, म्हणून बिचाऱ्याचे नाव बदनाम झाले. पण बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. ते ‘के’ जीवनसत्त्वही बनवितात. एक प्रकार तर रक्षकच निघाला. पहिल्या महायुद्धात सोबत्यांना पोटाच्या रोगाने ग्रासले असता एक जर्मन सैनिक मात्र धडधाकट राहिला. 1917 साली आल्फ्रेड निसले यांनी त्याच्या विष्ठेतून हा प्रकार वेगळा काढला. तो आजही औषध म्हणून देतात.

2011 साली जपानी शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट आढळली. माणसाच्या आतड्यातील ई. कोलाय आपल्या एका विकराच्या साहाय्याने कुरक्युमिनचे निराळ्या द्रव्यात रूपांतर करतो. त्यासाठी त्याला ना कढई लागते, ना विस्तव.