जुन्या जीपचा तळ आणि गंज

गव्हावर तांबेरा पडला म्हणजे तो पानावर दिसतो, आणि शेतकरी सावध होतो. लोखंडाचा तांबेरा मात्र जेथें दृष्टि जात नाहीं तेथें प्रथम पडतो. जुन्या मोटारीचा तळ हें असेंच एक ठिकाण होय. मुंबईस माझगांव येथें विलीज जीप जोडण्याचें काम १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालें. पुढें या जातीची गाडी कित्येक शेतकरी घरांत आली, व वडिलांच्या काळची जीप पुनः पूर्वरूपास आणावी अशी हौस आज अनेकांस असते. हौस चांगली, परंतु तिचा आरंभ वरच्या रंगापासून न होतां तळापासून व्हावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

आम्ही ही गोष्ट नुकसान सोसून शिकलों. पांचसहा वर्षांपूर्वीं, नोकरींत असतांनाच, तीर्थरूपांची जीप आम्हीं दुरुस्तीस काढली. वरचा पत्रा ठोकून घेतला, हिरवा रंग दिला. तळास गंज दिसला तेव्हां तो तारेच्या ब्रशानें वरवर घासून त्यावर डांबरी लेप चोपडला. सल्ला मिस्त्रीचा होता, पण घाई आमची होती. तळ काळाभोर व नवा दिसूं लागला. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बाजारास जातांना मागील पाट्याच्या हँगरजवळ चासी तुटली आणि गाडी एका अंगावर बसली. आंत नातू होता. वेग कमी होता म्हणून निभावलें. मागाहून तो लेप खरवडला, तों लोखंडाचे पापुद्रे त्यासह निघून हातांत आले. मागील थकबाकी पुढें न ओढतां नवी वही उघडली म्हणजे काय होतें, हें महसुलाच्या कारकुनास तरी ठाऊक असावयास पाहिजे होतें.

गंज कां चढतो

लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. त्यांत क्षार मिसळले तर ही क्रिया फार त्वरेनें चालते. थंड देशांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. म्हणून तिकडे मिठाचें भय मोठें. आपल्या कोंकणपट्टींत खारी हवा आहे, आणि देशावर तिचें काम चिखल, शेण व खतें करितात. म्युरिएट ऑफ पोटॅश हा क्लोराइडयुक्त क्षारच आहे. अमोनियम सल्फेटही ओलाव्यांत लोखंडास खातें. पोत्यांतून सांडलेले कण सांध्यांत राहतात व तेथील ओल अधिक घातक करितात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो वरचा लेप उचलून फोडतो, व फटींतून शिरलेलें पाणी आंतच अडकून राहतें. जाड लेप हा निरोगी लोखंडास कवच आहे, पण गंजलेल्या लोखंडास तो ओल्या फडक्यासारखा होतो.

कामाचा क्रम

१. तपासणी. काम दिवाळीनंतर कोरड्या हवेंत काढावें. गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं कधींही शिरूं नये. तळ पाण्यानें धुवून कांहीं दिवस पूर्ण वाळूं द्यावा. मग लहान हातोडीनें चासी ठोकीत जावें. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बद आवाज आला तर तेथें पेचकसाचें टोंक दाबून पाहावें. पाट्यांचे हँगर, मागील आडवी पट्टी आणि चिखल सांचणारे कोपरे विशेष पाहावेत.

२. कापणें व सांधणें. कुजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून तितक्याच जाडीचा तुकडा जोडावा. चासीचें वेल्डिंग कसबी माणसाकडूनच करवावें. तत्पूर्वीं बॅटरीची तार सोडावी व इंधनाची टाकी उतरवून दूर ठेवावी.

३. सफाई. उरलेला गंज तारेच्या ब्रशानें किंवा ग्राइंडरनें काढावा. तोंडास योग्य मुखपट्टी व डोळ्यांस चष्मा असावा. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, कारण पूर्वीं लोखंडास शेंदराचा, म्हणजे शिशाच्या भस्माचा, हात देत असत. म्हणून हें काम गोठ्याजवळ करूं नये व रंगाची खरवड गोळा करून घ्यावी. असा रंग चाटून गुरांस विषबाधा होते. खांचांतील पातळ गंजास फॉस्फरिक आम्लाचें द्रावण चालतें. डब्यावरील सूचनेप्रमाणें तें लावून धुवावें व लोखंड लागलींच वाळवावें.

४. रंग. उघडें लोखंड रात्रभर तसेंच ठेवूं नये. त्याच दिवशीं दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा. तो वाळल्यावर सांध्यांत सीलर भरावा, आणि मग चासीच्या रंगाचे दोन हात द्यावेत.

५. पोकळ भाग. ही पायरी बहुतेक लोक विसरतात. चासीच्या बंद भागांत ब्रश पोहोंचत नाहीं, आणि गंज तर आंतूनही खातो. लांब नळीनें आंत पातळ मेण फवारावें. पाणी निघून जाण्यासाठीं ठेवलेलीं भोंकें तारेनें मोकळीं करावींत. तीं बुजलीं तर केलेलें सर्व काम व्यर्थ होय.

६. लेप. चाकांच्या कमानींखालीं, जेथें खडे उडून लागतात, तेथें लवचिक लेप सर्वांत शेवटीं द्यावा. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम व रबरी नळ्या, आणि फिरता शाफ्ट यांस तो लागूं देऊं नये.

कित्येक जण दरवर्षीं तळास जळकें ऑइल फासतात. त्यानें रबर फुगून नासतें, धूळ चिकटते, आणि तेल ठिबकून जमीन बिघडते. ही चाल सोडावी हें बरें.

आमच्या जीपची चासी आतां वरील क्रमानें पुनः केली आहे. मृगापूर्वीं एकदां व पाऊस उघडल्यावर एकदां तिचा तळ आम्ही धुवून पाहतों. तळावर जाड लेप न देतां रंगच उघडा ठेवला आहे. गंजाचा ठिपका उमटला तर तो दिसावा हाच हेतु. नातू बॅटरी घेऊन खालीं शिरतो आणि ठिपके मोजून सांगतो. गेल्या खेपेस दोन निघाले. तेवढेच खरवडून त्याच दिवशीं रंगविले.