तिकिटाची झेरॉक्स

पोलादपूरला कॉलेजात रुजू झालीस, आता प्रोजेक्ट टाकायचाय म्हणालीस, म्हणून बाळ, चार गोष्टी सांगून ठेवतो. पैसा कुठला हे नंतर. आधी प्रश्न दारातला असू दे. जागतिकीकरणावर सगळेच अर्ज टाकतात. सावित्री नदीच्या पुरावर तू लिहिलंस तर परीक्षक निदान पान उलटेल.

पूरच धर. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं, त्याच दिवशी तळियेवर डोंगर आला. बाजारपेठेतल्या दुकानदारानं पुन्हा भांडवल कुठून उभं केलं, असं विचारलंस तर आयसीएसएसआरकडे जा. १९६९ ची संस्था, आणि त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र कलिन्याला विद्यापीठाच्या आवारातच आहे. शेतात बसलेल्या गाळात काय काय उतरलंय हे तपासायचं तर तुमच्या केमिस्ट्रीवाल्याला एएनआरएफ दाखव. जुने लोक अजून सर्बच म्हणतात, पण २०२४ पासून सर्बची जागा यानं घेतली. जुन्या दप्तरांतले पूर शोधायचे तर आयसीएचआर. तुझा मात्र पहिलाच अर्ज, तेव्हा मुंबई विद्यापीठाचा मायनर प्रोजेक्ट मिळतो का बघ. रक्कम बघून नाक मुरडू नकोस. पुढच्या अर्जात ‘पूर्ण केलेले प्रकल्प’ हा रकाना कोरा सोडायला फार वाईट वाटतं.

अर्ज लिहिण्याआधी ऑफिसात जाऊन कॉलेजचं यूजीसीच्या टू एफ, ट्वेल्व्ह बी मान्यतेचं पत्र मागून घे. शेवटच्या दिवशी ते सापडत नाही. आणि पीएचडीची पोरं भेटली तर बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिप त्यांच्या कानावर घाल.

एकाच ठिकाणी आस लावून बसू नकोस. महाडात राहून बाबासाहेबांचं नाव घ्यायलाच हवं. १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९२० ला लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा सिडनहॅमच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने, अशी मोट बांधली.

बजेट घरी बसून लिहू नकोस. एकदा कुडपणला जाऊन ये. परतीची एसटी चुकली तर जीपवाला किती घेतो, मुक्काम कुठे पडतो, ते बघ आणि मग आकडा टाक. आपल्या कला शाखेवाल्यांना वाटतं, खर्च तो काय, वही नि पेन! मुलाखती ऐकून उतरवून काढणाऱ्याचं मानधन हटकून राहतं. आणि प्रवासाचा पैसा पुस्तकांवर परस्पर खर्चू नकोस. हेड बदलायला लेखी परवानगी लागते.

आता माझी फजिती. प्रकल्प संपला, युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी हिशेब घेऊन बसलो, पाकिटातून तिकिटं काढली तर अर्धी कोरी! एसटीच्या मशीनचं तिकीट उन्हानं, घामानं पांढरं पडतं, हे तोवर कोण बघतंय? शेवटचा हप्ता पुढे कितीतरी दिवस अडकला. तेव्हापासून ज्या दिवशी तिकीट, त्याच दिवशी झेरॉक्स, वर गावाचं नाव नि कामाची एक ओळ. त्या झेरॉक्सही कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या, मग २०२१ आलं. तू माळ्यावर ठेव, फोटो मोबाइलात ठेव.

मंगळवारी ये. जुन्या अर्जाची फाईल आहे, कडा चिखलानं तपकिरी झाल्यात, पण बजेटचं पान वाचता येतं. आणि महाड स्टँडवर उतरलीस की तिकीट टाकू नकोस.